फडातली वाघाटी : बिबट्याचे पिलू नव्हे, उंदरांची वैरीण

ऊसतोड सुरू झाली की आपल्या भागात दर हंगामात एक आरोळी हमखास उठते. "बिबट्याची पिलं सापडली!" आरोळी उठली की कोयते थांबतात, बाया पोरांना हाका मारतात, रस्त्यावरचे मोटारसायकलवाले गाड्या लावून फडात शिरतात. अर्ध्या तासात गावाची जत्रा होते. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, प्रत्येकाला फोटो हवा. आणि या सगळ्या गोंधळात मुठीत मावतील एवढी दोन-तीन पिले या हातातून त्या हातात फिरत असतात.

दरवेळी ती पिले बिबट्याचीच असतात असे नाही. पुष्कळदा ती रानमांजराची असतात, आणि कधी कधी वाघाटीची. आजचा हा लेख त्या वाघाटीविषयी आहे.

वाघाटी म्हटले की तुम्हाला आधी आषाढी बारशीची भाजी आठवेल. एकादशीचा उपास सोडताना ताटात वाघाटीच्या फळाची भाजी हवीच, अशी आपल्याकडे रीत आहे. ती वाघाटी म्हणजे वाघनखासारख्या वाकड्या काट्यांचा वेल. मी सांगतो आहे ती चार पायांची वाघाटी. मांजराच्या कुळातली, पण गावमांजराच्या निम्म्या वजनाची. जगातील सर्वात लहान रानमांजर म्हणून तिची ओळख आहे. जगभरात ती फक्त भारत, श्रीलंका आणि नेपाळ या तीन देशांत सापडते, आणि आपल्या पश्चिम महाराष्ट्रात ती चक्क शेतात राहून पिले वाढवते. एवढे मोलाचे जनावर बांधाला बांध लावून राहते आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही. मलाही नव्हता. त्याची किंमत मी कशी मोजली, ते आधी कबूल करतो.

मी केलेली चूक

सन २०१७ ची गोष्ट. कृषी पदविका घेऊन मी नोकरीला नुकताच लागलो होतो. एका गावात खोडव्याची पाहणी करायला गेलो असता तोडणीवाल्या पोरांनी मला एक पिलू आणून दाखवले. राखाडी अंग, त्यावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी, डोळे नुकतेच उघडलेले. "साहेब, आई नाही याला, मरंल हितं," असे ते म्हणाले. मलाही दया आली. रुमालात गुंडाळून पिलू घरी आणले. खोक्यात कापूस घातला, ड्रॉपरने गाईचे दूध पाजले. पहिल्या दिवशी ते प्याले, दुसऱ्या दिवशी त्याला हगवण लागली, तिसऱ्या दिवशी सकाळी ते खोक्यात थंड पडलेले होते.

पुढे एका वनरक्षकांशी ओळख झाली तेव्हा हे त्यांना सांगितले. ते रागावले नाहीत. शांतपणे एवढेच म्हणाले, "साहेब, त्याला आई होती. ती त्या रात्री फडात येऊन शोधून गेली असणार."

हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. आपण ज्याला वाचवणे म्हणतो ते पुष्कळदा पळवून नेणेच असते. आई दिवसा दिसत नाही, कारण ती माणसांच्या गलक्याला घाबरून शेजारच्या उसात दबून बसलेली असते. अंधार पडला की ती पिलांच्या जागी परत येते. पिले तिथे असली तर ती उचलून नेते. नसली तर हाका मारत फिरते. म्हणून आज हा लेख लिहितो आहे.

वाघाटी ओळखावी कशी

मोठ्या वाघाटीचे वजन साधारण ९०० ग्रॅम ते १ किलो ६०० ग्रॅम. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी ३५ ते ४८ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम एक-दीड फूट. शेपूट त्याच्या निम्म्याच्या आसपास. अंगावरचे केस आखूड, रंग राखाडी, त्यावर तांबेरा चढल्यासारखे विटकरी ठिपके. पाठीवर आणि कुशीवर हे ठिपके ओळीने असतात. पोट पांढरे, त्यावर गडद डाग. कान लहान आणि गोलसर. डोळ्यांच्या आतल्या कडेने कपाळाकडे पांढरे पट्टे जातात आणि डोक्यावरून मानेकडे चार गडद रेघा गेलेल्या असतात. कपाळ पाहिले की ओळख पटते.

सन १८३१ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ इसिडोर जॉफ्रॉय सेंट-हिलेर यांनी पाँडिचेरीकडच्या नमुन्यावरून तिचे शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा लिहिले. त्यांनी दिलेल्या नावातल्या 'रुबिजिनोसस' या लॅटिन शब्दाचा अर्थही तांबेऱ्याच्या रंगाची असाच आहे. गव्हावरचा तांबेरा पाहिलेल्या शेतकऱ्याला हे नाव वेगळे समजावून सांगायला नको.

आता मेख अशी, की हा तांबेरा मोठेपणी चढतो. पिलाच्या अंगावरचे ठिपके काळे असतात. म्हणूनच ठिपक्याठिपक्यांचे पिलू दिसले की आपल्या तोंडून 'बिबट्या' हाच शब्द बाहेर पडतो. पण आकार बघा. वाघाटीचे जन्मलेले पिलू अवघे ६० ते ७७ ग्रॅमचे, म्हणजे कोंबडीच्या अंड्यापेक्षा थोडे जड. बिबट्याचे पिलू जन्मताच अर्धा किलोच्या घरात असते. त्याचे पंजे जाड, डोके मोठे आणि केस लोकरीसारखे दाट असतात.

तिसरे असते ते रानमांजर. ते गावमांजरापेक्षा मोठे, उंच पायांचे, मातकट रंगाचे. कानाच्या टोकाला काळ्या केसांचा छोटा झुबका आणि शेपटीच्या टोकाशी काळी वळी. अंगावर ठिपके नाहीत, पायांवर मात्र फिकट आडवे पट्टे. उसात याची पिलेही वरचेवर सापडतात. पिलांच्या अंगावर पट्टे असतात, त्यामुळे त्यांनाही लोक वाघाचे नाहीतर बिबट्याचे बच्चे समजतात.

ही ओळख माहितीसाठी सांगितली. फडात उभे राहून तुम्ही परीक्षा घेत बसावे म्हणून नाही. खात्री होईपर्यंत पिलू बिबट्याचेच आहे असे धरून चालावे, यात शहाणपण आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

दिनक्रम आणि संसार

वाघाटी रात्रीची. दिवसभर ती झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत, दाट झुडपात किंवा उसाच्या गचपणात झोपून काढते. दिवेलागण झाली की बाहेर पडते. उंदीर, सरडे, बेडूक, लहान पाखरे, टोळ-किडे हे तिचे खाणे. जोराचा पाऊस पडून गेला की बिळातले उंदीर आणि बेडूक बाहेर येतात, तेव्हा तिची चंगळ असते. झाडावर ती सहज चढते आणि संकट आले की उंचावर जाऊन बसते.

अंगाने एवढीशी, पण धीट किती म्हणाल? टी. सी. जर्डन नावाचे इंग्रज प्राणितज्ज्ञ एकोणिसाव्या शतकात दक्षिण भारतात होते. सन १८६७ मध्ये त्यांनी भारतातल्या सस्तन प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. त्यांनी वाघाटीचे एक पिलू पाळले होते. ते आठ महिन्यांचे असताना चिंकारा हरणाचे पाडस असलेल्या खोलीत त्यांनी ते सोडले. वाघाटीने पाडस पाहताक्षणी झेप घेऊन त्याची मानगूटच धरली. ती सोडवताना जर्डनसाहेबांना कष्ट पडले. बिबट्या ज्या पद्धतीने मानेवर जातो तीच ही पद्धत. मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो, ते उगीच नाही.

मादीचा गर्भकाळ साधारण ६५ ते ७० दिवसांचा. एका वेळी एक किंवा दोन पिले, फार तर तीन. गावमांजरीसारखी पाच-सहा पिलांची वेत नसते. पिले कळती होऊन स्वतः संसाराला लागायला सव्वा वर्ष जाते. म्हणजे एका फडातली दोन पिले गेली तर त्या मादीची त्या वेतीची सगळी कमाईच गेली. हिशेब एवढा तोकडा आहे.

उसातच का?

तुम्ही विचाराल, जंगलातले जनावर आमच्या उसात कशाला येते? उत्तर शेतकऱ्याच्या हिशेबात सांगतो. सुरू उसाला बारा महिने लागतात, पूर्वहंगामीला चौदा-पंधरा, आडसालीला सोळा ते अठरा. एकदा मोठी बांधणी झाली की आपण फडाच्या आत फारसे जात नाही. आत गारवा, पायाखाली पाचटाची गादी, जवळ पाटाचे पाणी, भोवती उंदरांची बिळे. पिले घालायला यापेक्षा सुरक्षित जागा कोणती? त्यात गावाभोवतीची गायराने, ओढ्याकाठची झुडपे, जुन्या बांधांवरच्या करवंदी-निवडुंगाच्या जाळ्या आपण सपाट करत आलो. दक्षिण भारतात भातशेतीच्या मधोमध ओस पडलेल्या घरांच्या माळ्यावरही वाघाटीने पिले वाढवल्याची नोंद आहे. तिला आडोसा आणि उंदीर हवेत, बाकी तिची तक्रार नाही.

घात होतो तो तोडणीच्या वेळी. आक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत फडामागून फड रिकामे होतात. आईला पळता येते, पिलांना नाही.

एका रात्रीची हकीगत

सन २०२४ च्या जानेवारीत मी एका मळ्यात पाचट कुट्टीचे प्रात्यक्षिक दाखवायला गेलो होतो. दुपारी दोनच्या सुमारास तोडणीच्या टोळीत ओरडा झाला. दोन पिले सापडली होती. टोळी बीडकडची. एक बाई कोयता टाकून बांधाकडे धावली. "माझं लेकरू झोळीत हाय तिकडं," एवढेच तिच्या तोंडून निघाले.

तिची भीती खोटी नव्हती, हे नीट लक्षात घ्या. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्यात लहान मुलेही होती. तो भाग आजही बिबट्याच्या सावलीत राहतो. ज्यांची पोरे बांधावरच्या झोळीत झोपतात त्यांना कुणी शहरातून येऊन 'घाबरू नका' म्हणणे सोपे आहे. म्हणून आधी सगळ्यांना फडाच्या बाहेर काढले, पोरांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवले आणि वनरक्षकांना फोन केला.

तेवढ्यात मळ्यातल्या आजी काठी टेकत आल्या. त्यांनी लांबूनच पिलांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आरं, ह्यो बिबट्या न्हाई. ही वाघाटी हाय. आमच्या ल्हानपणी कणगीपाशी यायची उंदरासाठी. तिला कुणी मारत नव्हतं." माझ्या पदविकेत नव्हते ते त्या आजीला ठाऊक होते.

वनरक्षक आले, त्यांनीही तेच सांगितले. आता प्रश्न होता मुकादमाचा. त्याचेही चूक नव्हते. तोडीचा पैसा टनावर, गाडी भरायची होती, चिटबॉय घाई करत होता. शेवटी बोलून बोलून तोडगा निघाला. पिले सापडली त्या जागेच्या मागच्या चार सऱ्या उद्या सकाळपर्यंत तोडायच्या नाहीत, टोळीने फडाच्या दुसऱ्या टोकाला काम करायचे. मळेवाल्यांनी टोमॅटोचा रिकामा क्रेट आणून दिला. वनरक्षकांनी हातमोजे घालून क्रेटमध्ये पाचट अंथरले, पिले आत ठेवली आणि जिथे सापडली तिथेच क्रेट ठेवला. वर झाकण नाही. पिलाला चढून बाहेर येता येऊ नये आणि आईला मात्र तोंड घालून उचलता यावे, एवढीच त्यात सोय. जवळच्या खुंटाला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला आणि आम्ही सगळे निघून आलो. कुत्री मळ्यात बांधून ठेवली. शेतातला दिवासुद्धा बंद केला.

मला त्या रात्री झोप लागली नाही. २०१७ चा खोका डोळ्यांपुढे येत होता.

सकाळी सातला गेलो. क्रेट रिकामा होता. कॅमेऱ्यात पाहिले, तर रात्री पावणेनऊला उसाच्या कडेला दोन डोळे चमकलेले. मग ती आली. क्रेटभोवती एक फेरी, वास घेतला, आत मान घातली आणि एका पिलाला मानेला धरून घेऊन गेली. अर्ध्या तासाने दुसऱ्यासाठी परत आली. मुकादम माझ्या खांद्यावरून तो फोटो पाहत होता. म्हणाला, "मांजरीयेवढी हाय, पर आली बगा." मग कोयता घेऊन तो उरलेल्या चार सऱ्यांकडे वळला. त्याचे फार तर अर्ध्या दिवसाचे काम पुढे सरकले, बुडाले काहीच नाही.

माणसाचा हात लागला की आई पिलाला जवळ करत नाही, असा समज गावोगाव आहे. तो खरा नाही, हे मी त्या दिवशी पाहिले. जुन्नर वनविभागात माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राच्या मदतीने उसात सापडलेली बिबट्याची, रानमांजराची आणि वाघाटीची पिले याच रीतीने आईकडे परत गेली आहेत.

शेतकऱ्याचा फायदा काय?

आता व्यवहाराचे बोलू. उंदीर हा उसाचा, भुईमुगाचा, गव्हाचा आणि साठवलेल्या धान्याचा चोर. उसाची बुडे कुरतडतो, बांध पोखरतो, पाटाचे पाणी बिळातून पळवतो. उंदरीण तीन आठवड्यांत वितते आणि लगेच पुन्हा गाभण राहते. आपण औषध घालून थकतो, तो वाढून थकत नाही.

राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात झालेल्या अभ्यासात एक रानमांजर दिवसाला तीन ते पाच उंदीर मारते असा अंदाज निघाला. वर्षाचा हिशेब केला तर हजाराच्या वर उंदीर होतात. वाघाटी रानमांजरापेक्षा कितीतरी लहान, तिचा घास लहान. पण काम तेच, आणि तेही बिनपगारी. घुबड, धामण, मुंगूस, रानमांजर आणि वाघाटी ही शेताची रात्रपाळीची राखण आहे.

खोटे मात्र सांगणार नाही. वाघाटी कधीमधी कोंबडीही धरते. म्हणून खुराडे रात्री नीट बंद करावे, खालच्या बाजूला बारीक जाळी मारावी. एका कोंबडीपायी तिच्यावर काठी उचलू नका. शेळी-वासराला तिच्यापासून धोका नाही आणि माणसाच्या वाटेला ती जात नाही.

उंदराचे औषध टाकताना

हे माझ्या खात्यातले काम, म्हणून जरा खोलात सांगतो. आदल्या संध्याकाळी सगळी बिळे चिखलाने बुजवा. सकाळी जी उघडी दिसतील तीच जिवंत बिळे. औषध तेवढ्यातच घाला, शेतभर पसरू नका. झिंक फॉस्फाईड वापरायचे असेल तर आधी दोन-तीन दिवस नुसते तेल लावलेले भरड धान्य ठेवून उंदरांना चटक लावा, मग विषारी आमिष बिळाच्या आत खोल घालून तोंड बुजवा. हाताला मोजे हवेत.

ब्रोमाडिओलोनसारख्या औषधाने उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. असा उंदीर घुबडाला, मांजराला आयता सापडतो आणि त्याच्या पोटातले विष खाणाऱ्याच्या पोटात जाते. म्हणजे आपण चोराबरोबर राखणदारालाही मारतो. सकाळी शेतात फेरी मारून मेलेले आणि मरायला टेकलेले उंदीर गोळा करा आणि खोल खड्ड्यात पुरा. उकिरड्यावर फेकू नका. जिथे गरज नाही तिथे औषध टाकूच नका. शेतात पक्ष्यांना बसायला मचाणे उभी केली तर घुबडे येतात, तोही उपाय बिनखर्ची आहे.

दुसरी गोष्ट आगीची. लवकर तोडणी व्हावी म्हणून उभा फड पेटवणे किंवा तोडीनंतर पाचट जाळणे, ही दोन्ही कामे नुकसानीची. जळक्या उसाला कारखाना कपात लावतो. एकरी तीन-चार टन पाचट जाळले की जमिनीचे खत राख होते. तेच पाचट सरीत ठेवून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जीवाणू घातले, तर त्याचेच खत होते. आणि आग लागली की आतल्या पिलांना पळायला पाय नसतात, हे वेगळे सांगायला हवे का?

पिले सापडली तर काय करावे

१. कोयता थांबवा. सगळ्यांना, विशेषतः लहान मुलांना, लगेच फडाबाहेर काढा. पिले बिबट्याची असली तर आई जवळच असते आणि ती चिडते.

२. पिलांना हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका. कुणी उचलली असतील तर त्याच जागी सावलीत परत ठेवा.

३. दूध, पाणी, भाकरी काहीही देऊ नका. गाईचे दूध त्यांना बाधते. मी ते भोगले आहे.

४. वनरक्षकांना किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. ते येईपर्यंत एका जाणत्या माणसाने लांबून लक्ष ठेवावे, कुत्री जवळ येऊ देऊ नयेत.

५. त्या जागेलगतच्या तीन-चार सऱ्या दुसऱ्या दिवसापर्यंत उभ्या ठेवा. आईला यायला आडोसा मिळतो.

६. तोडणी फडाच्या चारी बाजूंनी सुरू करू नका. रस्त्याच्या बाजूने सुरू करून ओढ्याकडे किंवा झुडपाच्या बांधाकडे सरकत जा, म्हणजे आतल्या जनावराला निघायला वाट राहते.

एक गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाटीचे नाव आहे, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. तिला मारणे, पकडणे, घरी पाळणे हा गुन्हा आहे. हौसेने पिलू घरी ठेवले आणि त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला तर तोच पुरावा होतो. २०१६ पासून जागतिक पातळीवरच्या धोक्याच्या यादीतही 'धोक्याच्या उंबरठ्यावर' असा तिचा उल्लेख आहे. रस्त्यावरची वाहने, मोकाट कुत्री, गावमांजरांशी होणारा संकर आणि आपले अज्ञान, हे तिचे वैरी. पहिले तीन एका दिवसात हटणारे नाहीत. चौथा मात्र आजच घालवता येईल.

यंदा तुमच्या फडाला तोड आली की चिठ्ठी घेताना मुकादमाला एवढे सांगून ठेवा, "पिलं दिसली तर हात लावू नका, मला हाक मारा." वनरक्षकांचा नंबर मळ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा. टोळी परगावची असते, तिला आपल्या भागाची माहिती नसते. ती देणे आपले काम. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, त्यांनी कणगीपाशी काय काय पाहिले होते. आपण पुस्तकात शोधतो त्यातले पुष्कळ त्यांच्याजवळ आहे.

चार सऱ्या आणि एक रात्र, एवढेच ती आपल्याकडे मागते. बदल्यात वर्षभर शेत राखते.